कोंडीशुल्क : रस्त्यावरील वेळेचे मूल्य

शहराच्या गजबजलेल्या भागात गर्दीच्या वेळी वाहन आणणाऱ्या चालकाकडून, ती गर्दी आटोक्यात राहावी म्हणून जी रक्कम घेतली जाते तिला कोंडीशुल्क म्हणता येईल. या शुल्कातून शासनाला उत्पन्न मिळते हे खरे, पण तो त्याचा मुख्य हेतू नव्हे. काही चालकांनी वेळ बदलावी, काहींनी मार्ग बदलावा, काहींनी बस किंवा आगगाडी पकडावी आणि उरलेल्यांना पैसे मोजून का होईना, पण वेळेवर पोहोचता यावे, एवढीच या योजनेची अपेक्षा असते. पूर्वी केवळ ग्रंथांत असलेली ही कल्पना १९७५ मध्ये सिंगापूरने प्रथम शहरभर अमलात आणली. त्यानंतर लंडन, स्टॉकहोम, मिलान आणि अलीकडे न्यूयॉर्क या शहरांनी तिला आपापले रूप दिले.

पथकर आणि कोंडीशुल्क यांतील भेद प्रारंभीच स्पष्ट करणे इष्ट, कारण आपल्याकडे रस्त्यावर पैसे द्यायचे म्हटले की डोळ्यांपुढे टोलनाकाच येतो. पथकर हा रस्ता किंवा पूल बांधण्याचा खर्च वसूल करण्यासाठी असतो. मुंबईच्या सीमेवर वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन असे जे पाच नाके आहेत, ते शहरातील उड्डाणपुलांचा खर्च भरून काढण्यासाठी उभारले गेले. तेथील आकार पहाटे तीन वाजताही तेवढाच आणि सकाळी नऊ वाजताही तेवढाच होता, त्यामुळे गर्दीवर त्याचा परिणाम होण्याचे कारणच नव्हते. उलट नाक्यावरच्या रांगांनी कोंडीत भर घातली. ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांना तो माफ झाला. खर्च वसूल झाला की पथकराचे प्रयोजन संपते. कोंडीशुल्काचे प्रयोजन गर्दी आहे तोवर टिकते, आणि रस्ता मोकळा असेल त्या वेळी ते शून्यावर येणे तत्त्वतः योग्यच ठरते.

या कल्पनेचे शास्त्रीय मूळ केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांच्या १९२० च्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेलफेअर’ या ग्रंथात सापडते. एकाच ठिकाणी जाणारे दोन रस्ते आहेत, एक अरुंद पण चांगला आणि दुसरा रुंद पण खराब, असे उदाहरण त्यांनी घेतले. लोक चांगल्या रस्त्यावर इतकी गर्दी करतात की अखेरीस त्याचा चांगलेपणा उरतच नाही. त्या रस्त्यावर योग्य तेवढा कर बसवला तर काही जण दुसरीकडे वळतील आणि कोणाचेही नुकसान न होता एकंदर लाभ वाढेल, असे पिगूंचे प्रतिपादन होते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२४ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. तो रस्ता खाजगी मालकीचा असता तर मालकाने तेवढेच शुल्क आपणहून आकारले असते, तेव्हा दोष बाजाराचा नसून रस्त्याला धनी नसण्याचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पिगूंनी पुढील आवृत्त्यांतून ते उदाहरणच वगळले. वाद मालकीचा होता. शुल्क असावे याबद्दल दोघांत मतभेद नव्हता, ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षित राहते.

तत्त्व समजण्यास कठीण नाही. रस्ता मोकळा असताना एक मोटार वाढल्याने कोणाचे काही बिघडत नाही. रस्ता भरत आला की मात्र प्रत्येक नवी मोटार मागच्या प्रत्येकाचा थोडा थोडा वेळ घेते. समजा, तिच्यामुळे मागील २०० वाहनांना प्रत्येकी ३ सेकंद उशीर झाला, तर समाजाची १० मिनिटे गेली. त्या चालकाला स्वतःचे इंधन दिसते, स्वतःचा वेळ दिसतो. इतरांची ही १० मिनिटे त्याच्या हिशेबात कोठेच येत नाहीत. अर्थशास्त्रात अशा परिणामाला बाह्यता म्हणतात. कोंडीशुल्क म्हणजे या दहा मिनिटांची किंमत त्याच्या हिशेबात आणून बसवणे होय.

यात वाहतुकीच्या भौतिकीचाही एक भाग आहे आणि तो अर्थशास्त्राइतकाच महत्त्वाचा आहे. द्रुतगती मार्गावरील एका मार्गिकेतून अनुकूल स्थितीत तासाला सुमारे २,००० वाहने जाऊ शकतात. वाहनांची दाटी विशिष्ट मर्यादेपलीकडे गेली की वेग कोसळतो आणि त्याबरोबर तासाभरात पार होणाऱ्या वाहनांची संख्याही घटते. म्हणजे जेव्हा रस्त्याची गरज सर्वाधिक असते नेमके तेव्हाच त्याची क्षमता कमी होते. म्हणूनच शुल्काने सर्वांना दूर करावे लागत नाही. मर्यादेच्या काठावरची थोडी वाहने जरी अन्य वेळी गेली तरी उरलेल्यांचा वेग अपेक्षेपेक्षा पुष्कळच सुधारतो.

मग रस्ताच रुंद का करू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर अमेरिकन अभ्यासक अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्ये दिले. शहरातील द्रुतगती मार्ग रुंद केला की वेळ बदललेले, मार्ग बदललेले आणि आगगाडीकडे गेलेले प्रवासी पुन्हा त्याच वेळी त्याच रस्त्यावर परततात आणि गर्दी पूर्वपदावर येते. २०११ मध्ये झिल डुरँटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी अमेरिकेतील महानगरांच्या आकडेवारीवरून दाखवले की मोठ्या मार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढते जवळजवळ त्याच प्रमाणात त्यांवरील वाहनप्रवासही वाढतो. सार्वजनिक वाहतूक वाढवल्यानेही रस्त्यावरचा हा प्रवास घटल्याचे त्यांना आढळले नाही. कारण एकाने सोडलेली जागा दुसरा घेतो. मोफत जागा रिकामी राहत नाही, मग ती पुलावरची असो वा पुलाखालची.

या विचाराला यंत्रणेची जोड देण्याचे श्रेय विल्यम विक्री यांना जाते. कॅनडात १९१४ मध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अध्यापन करणारे विक्री यांनी आरंभी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी वेळेनुसार आणि अंतरानुसार बदलणारे भाडे सुचवले होते. पुढे १९५९ मध्ये वॉशिंग्टन महानगराच्या वाहतुकीविषयी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे त्यांनी मांडणी केली, की प्रत्येक मोटारीत एक ओळख देणारे उपकरण बसवावे, रस्त्यालगतच्या यंत्रांनी ते वाचावे, गणकयंत्राने हिशेब करावा आणि दूरध्वनीच्या देयकाप्रमाणे महिन्याअखेरीस देयक पाठवावे. त्या काळी एक गणकयंत्र मांडायला एक दालन लागत असे. तरीही या आराखड्यातील एकही अंग पुढे चुकीचे ठरले नाही. १९९६ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जेम्स मिर्लीस यांच्यासह, मुख्यतः माहितीच्या विषमतेवरील सिद्धांतासाठी जाहीर झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांत त्यांचे निधन झाले. ब्रिटनमध्येही रूबेन स्मीड यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने १९६४ मध्ये रस्तामूल्याच्या तांत्रिक शक्यतांचा सविस्तर अहवाल दिला होता. तो स्वीकारायला ब्रिटनच्या राजधानीला जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

सिंगापूरने तेवढी वाट पाहिली नाही. हे राष्ट्रच मुळात एक शहर आहे आणि रस्त्यांसाठी त्याच्याकडे जमीन मोजकीच आहे. २ जून १९७५ रोजी तेथील मध्यवर्ती भागातील सुमारे ६ चौरस किलोमीटर क्षेत्र ‘प्रतिबंधित क्षेत्र’ म्हणून घोषित झाले. सकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळेत तेथे प्रवेश करणाऱ्या मोटारीच्या पुढील काचेवर कागदी परवाना चिकटवलेला असणे आवश्यक झाले. दिवसाच्या परवान्याची किंमत ३ सिंगापूर डॉलर आणि मासिक परवान्याची ६० डॉलर होती. प्रत्येक प्रवेशमार्गावर कमान उभारली होती आणि तिच्याखाली उभे राहिलेले कर्मचारी केवळ डोळ्यांनी परवाने तपासत. लांबूनही फरक कळावा म्हणून परवान्यांचे रंग आणि आकार बदलते ठेवले जात. नियम मोडणाऱ्याला तेथे थांबवत नसत, क्रमांक टिपून घेत आणि दंडाची सूचना टपालाने जाई. वाहतूक कोंडी टाळण्याच्या योजनेने स्वतःच कोंडी करू नये याची ही दक्षता होती. संगणक नाही, विद्युत्संकेत नाही, कॅमेरा नाही. जगातील पहिली कोंडीशुल्क योजना कागद, गोंद आणि तीक्ष्ण नजर यांवर तेवीस वर्षे चालली, ही बाब तंत्रज्ञानाची वाट पाहत बसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

परिणाम अपेक्षेहून मोठा झाला. वाहतूक २५ ते ३० टक्क्यांनी घटावी असे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात निर्बंधाच्या वेळेत क्षेत्रात येणारी वाहने सुमारे ४५ टक्क्यांनी घटली. काही अभ्यासकांनी पुढे यावरच टीका केली, आणि ती अवाजवी नव्हती. शुल्क गरजेपेक्षा अधिक ठेवल्याने आतील रस्ते क्षमतेपेक्षा कमी वापरले गेले, तर क्षेत्राला वळसा घालणारे रस्ते तुंबले. रस्ता ओस पाडणे हा या योजनेचा हेतू नसतो.

लोकांच्या वागण्याने या काळात नियोजनकर्त्यांना बरेच काही शिकवले. साडेनऊनंतर लगेच वाहनांचा लोंढा आत शिरू लागला, म्हणून दोनच महिन्यांत वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. चार किंवा अधिक माणसे असलेल्या मोटारीला शुल्क माफ होते. त्यामुळे क्षेत्राबाहेरील बसथांब्यांवर गाडी थांबवून, रांगेतील अनोळखी प्रवाशांना फुकट घेऊन चारची संख्या भरण्याची चाल रूढ झाली. चालकाचे तीन डॉलर वाचत आणि प्रवाशाचे बसभाडे. सीमेलगत वाहनतळ बांधून तेथून खास बस सोडण्याचीही सोय केली होती. ती मात्र जवळजवळ पूर्णपणे फसली. गाडीत बसलेला माणूस अर्ध्या वाटेत उतरायला तयार नव्हता, त्याने एक तर घरापासूनच बस धरली किंवा पैसे भरले. सर्वांत अनपेक्षित गोष्ट संध्याकाळची. सकाळी कमी गाड्या आत आल्या तर संध्याकाळी कमीच बाहेर पडतील असा सरळ हिशेब होता. पण सकाळी वळसा घालून जाणारे संध्याकाळी शुल्क नसल्याने मध्यातूनच घरी परतत, आणि सायंकाळची कोंडी फारशी हलली नाही. १९८९ मध्ये संध्याकाळचे निर्बंध आले, चार जणांच्या मोटारीची सवलत गेली आणि मालवाहू वाहने व मोटारसायकलीही योजनेत आल्या. १९९४ पासून निर्बंध दिवसभराचे झाले.

१९९८ मध्ये कागदाची जागा विद्युतीय रस्तामूल्य पद्धतीने घेतली. ‘इलेक्ट्रॉनिक रोड प्रायसिंग’ या नावाच्या आद्याक्षरांवरून सिंगापूरकर तिला ‘ईआरपी’ म्हणतात. प्रत्येक वाहनात, मोटारसायकलीच्या हँडलपाशीसुद्धा, एक छोटे यंत्र बसवले गेले आणि त्यात आगाऊ पैसे भरलेले कार्ड घालायचे असे ठरले. रस्त्यावर एकामागे एक अशा दोन कमानी असतात. वाहन न थांबता, वेग कमी न करता त्यांखालून जाते. तेवढ्यात सूक्ष्मलहरींच्या द्वारे यंत्राशी संवाद होऊन रक्कम वजा होते. कार्ड नसेल किंवा पैसे अपुरे असतील तर मागच्या नंबरप्लेटचे छायाचित्र निघते. आपल्याकडील फास्टॅग याच कुळातील, पण अधिक साधा आहे. त्याच्यात ऊर्जास्रोत नाही आणि हिशेब वाहनात नव्हे तर दूरच्या बँकखात्यात होतो.

या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य दर ठरवण्याच्या रीतीत आहे. दर आधी ठरवून वेगाची वाट पाहायची नाही. वेग आधी ठरवायचा आणि त्याला अनुरूप दर शोधायचा. शहरातील मुख्य रस्त्यांवर ताशी २० ते ३० किलोमीटर आणि द्रुतगती मार्गांवर ४५ ते ६५ किलोमीटर ही इष्ट मर्यादा मानली जाते. दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष वेग तपासतात. तो मर्यादेखाली गेला तर त्या कमानीचा त्या अर्ध्या तासाचा दर वाढतो, मर्यादेच्या वर गेला तर उतरतो. शाळांच्या सुट्ट्यांत दर कमी होतात, आणि एप्रिल २०२० मध्ये महासाथीमुळे रस्ते ओस पडले तेव्हा ते शून्य करण्यात आले. उत्पन्नासाठी चालवलेल्या कोणत्याही कराच्या इतिहासात असे क्वचितच घडले असेल. दर बदलण्याच्या क्षणी, तो उतरण्याची वाट पाहत चालक कमानीअलीकडे रेंगाळत किंवा वाढण्याआधी गाठण्यासाठी वेग वाढवत. हे टाळण्यासाठी मधली पाच मिनिटे मधल्या दराची ठेवण्याची युक्ती पुढे योजण्यात आली.

तरीही सिंगापूरच्या मोकळ्या रस्त्यांचे सारे श्रेय कमानींना देता येणार नाही. १९८७ मध्ये तेथे जलद रेल्वे सुरू झाली, आणि १९९० पासून मोटार घेण्याआधी दहा वर्षांचे मालकी प्रमाणपत्र लिलावात घ्यावे लागते. २०२३ मध्ये त्याची किंमत एक लाख सिंगापूर डॉलरच्याही वर गेली होती. गाडी बाळगणेच इतके महाग असताना ती फिरवण्यावरचे शुल्क तुलनेने किरकोळ वाटते. म्हणून सिंगापूरचे आकडे जसेच्या तसे दुसऱ्या शहराला लावणारा अहवाल सावधपणे वाचावा.

सिंगापुरात कागदी परवाने चालू असतानाच हाँगकाँगनेही प्रयत्न केला होता. १९८३ ते १९८५ या काळात तेथे सुमारे २,५०० वाहनांच्या तळाशी विद्युतीय पट्ट्या बसवून चाचणी घेतली गेली. तांत्रिकदृष्ट्या ती यशस्वी झाली आणि लोकमतात पराभूत. कोण केव्हा कोठे गेला याची नोंद शासनाकडे राहणार, ही भीती त्या वसाहतीत, चीनकडे हस्तांतराचा करार नुकताच झाला असताना, लहान नव्हती. सिंगापूरने वाहनातल्या कार्डातूनच पैसे वजा करण्याची रचना केली तिच्यामागे हा अनुभव होता, असे मानायला जागा आहे.

आकारणीच्या पद्धतीनुसार या योजनांचे काही प्रकार पडतात. शहराभोवती काल्पनिक रेषा आखून ती ओलांडणाऱ्याकडून प्रत्येक वेळी शुल्क घेणे ही सीमारेषा पद्धत. स्टॉकहोम तिचे उत्तम उदाहरण आहे. रेषेच्या आत दिवसभरात वाहन चालवले, मग ते आतल्या आत का असेना, तर एकदाच शुल्क घेणे ही क्षेत्र पद्धत. लंडनने ती स्वीकारली. विशिष्ट रस्ते वा मार्गिका यांपुरतेच बदलते शुल्क ठेवणे हा तिसरा प्रकार अमेरिकेतील द्रुतगती मार्गांवर आढळतो. प्रत्यक्ष कापलेल्या अंतराची, वेळ आणि स्थळ लक्षात घेऊन केलेली आकारणी हा चौथा आणि तत्त्वतः सर्वांत निर्दोष प्रकार होय. शहरातील खाजगी मोटारींसाठी तो अद्याप कोठेही सर्रास लागू नाही. नॉर्वेतील बर्गेन, ऑस्लो आणि त्रोनहाइम या शहरांभोवतीची १९८६ पासूनची पथकर कडी दिसायला सीमारेषा पद्धतीची, पण प्रारंभी तिचा हेतू रस्त्यांसाठी निधी उभारण्याचाच होता. प्रदूषणावरील शुल्क हा आणखी वेगळा वर्ग आहे. लंडनचे अत्यल्प उत्सर्जन क्षेत्र, किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ पासून दिल्लीत शिरणाऱ्या ट्रकांवर बसलेला पर्यावरण भरपाई आकार, यांचा रोख धुरावर आहे. स्वच्छ गाडीही तेवढीच जागा अडवते, आणि म्हणून हे दोन वर्ग मिसळू नयेत.

लंडनमध्ये १७ फेब्रुवारी २००३ रोजी महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी ‘कंजेशन चार्ज’ लागू केला. मध्य लंडनमधील सुमारे २१ चौरस किलोमीटर क्षेत्रात सकाळी सात ते सायंकाळी साडेसहापर्यंत दिवसाला ५ पौंड असा तो आकार होता. कमानी नाहीत, वाहनात यंत्र नाही. कॅमेऱ्यांनी नंबरप्लेट वाचायची आणि पैसे भरलेल्यांच्या यादीशी ताडून पाहायची. पहिल्या दिवशी शहर ठप्प होईल अशी भाकिते वृत्तपत्रांत होती. तसे काही झाले नाही. पहिल्या वर्षात क्षेत्रात येणारी वाहतूक सुमारे १८ टक्क्यांनी आणि वाहतुकीतील विलंब सुमारे ३० टक्क्यांनी घटला. निव्वळ उत्पन्न वाहतूक सुधारणेवरच खर्च करण्याचे बंधन कायद्यानेच घातले होते, आणि त्यातील मोठा वाटा बससेवेला मिळाला.

लंडनची पुढील कथा मात्र सरळ यशाची नाही, आणि ती लपवण्याचेही कारण नाही. २००८ पर्यंत विलंब जवळजवळ पूर्वीइतकाच झाला. वाहनांची संख्या कमीच राहिली होती. पण जुन्या जलवाहिन्या आणि वायुवाहिन्या बदलण्यासाठी रस्ते खोदले गेले आणि रस्त्याची बरीच रुंदी बस, सायकली आणि पादचाऱ्यांना दिली गेली. शिवाय भाड्याच्या खाजगी मोटारींना २०१९ पर्यंत शुल्क माफ होते आणि मोबाइलवरून बोलावल्या जाणाऱ्या गाड्यांच्या काळात ही सूट महागात पडली. पश्चिमेकडील वाढीव क्षेत्र २००७ मध्ये जोडले आणि नव्या महापौरांच्या काळात २०१० अखेरीस काढून टाकले. आकार ५ वरून ८, १०, ११.५०, १५ असा चढत २०२६ च्या जानेवारीत १८ पौंडांवर गेला. गर्दी कमी असलेल्या तासालाही तोच दर, हा या पद्धतीचा मूळ दोष होय. एकदा पैसे भरले की दिवसभर फिरायला मोकळीक मिळते, आणि सर्वाधिक फिरणाऱ्यालाच ती सर्वाधिक स्वस्त पडते.

स्टॉकहोमने जे केले ते प्रयोगशाळेतील शिस्तीच्या जवळ जाणारे आहे. बेटांवर वसलेल्या या शहरात जाण्याचे मार्ग मोजके असल्याने १८ नियंत्रणस्थळे पुरेशी ठरली. ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ अशी सात महिने चाचणी घ्यायची, मग योजना थांबवायची, लोकांचे मत घ्यायचे आणि त्यानंतर निर्णय करायचा, असा क्रम ठरला. वेळेनुसार १०, १५ किंवा २० क्रोनर आणि दिवसाला जास्तीत जास्त ६० क्रोनर असे दर होते. रात्री, शनिवार-रविवारी आणि सणाच्या दिवशी शुल्क नव्हते. चाचणीच्या काही महिने आधी, ऑगस्ट २००५ मध्ये, सुमारे दोनशे नव्या बस आणि नवे बसमार्ग सुरू करण्यात आले, आणि यामुळे एक मौलिक तुलना हाती आली. केवळ बस वाढवल्याने मोटारींची संख्या फारशी हलली नाही; शुल्क सुरू होताच सीमारेषेवरील वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. ऑगस्टमध्ये शुल्क थांबले तशी बरीचशी वाहतूक परतली. १ ऑगस्ट २००७ पासून योजना कायम झाली आणि वाहतूक पुन्हा उतरली. कारण आणि परिणाम यांचा इतका स्वच्छ संबंध नगरनियोजनात सहसा हाती लागत नाही.

लोकमताचा प्रवास तर याहून विलक्षण होता. शुल्क आणणार नाही असे आश्वासन देऊन निवडून आलेल्या महापौरांनाच आघाडीच्या राजकारणामुळे ही चाचणी घ्यावी लागली होती. चाचणीपूर्वी जेमतेम एकतृतीयांश नागरिक तिच्या बाजूने होते. सप्टेंबर २००६ च्या सार्वमतात शहरातील निम्म्याहून थोड्या अधिक मतदारांनी होकार दिला, आणि पुढील काही वर्षांत पाठिंबा सत्तर टक्क्यांच्या घरात पोहोचला. विरोध करणारे सत्तेवर आले, तरी त्यांनीही योजना चालू ठेवली. उत्पन्न मात्र रस्त्यांकडे वळवले. या प्रकल्पाचे अभ्यासक योनास एलियासन यांनी नोंदवलेली एक गोष्ट मला सर्वांत उद्‌बोधक वाटते : रस्त्यावरून पाचवा हिस्सा मोटारी नाहीशा झाल्या, पण आपण सवय बदलली असे सांगणारे लोक फारसे सापडेनात. माणसे रोज तोच प्रवास करतात ही समजूतच अपुरी होती. लहान मुलांच्या दम्याच्या तीव्र झटक्यांत घट झाल्याचेही एका नंतरच्या संशोधनात आढळले.

सर्वत्र असे घडले नाही. एडिंबराने २००५ मध्ये आणि मँचेस्टरने २००८ मध्ये, प्रत्यक्ष अनुभव घेण्याआधीच, सार्वमतात प्रचंड बहुमताने ही योजना फेटाळली. गोथेनबर्गमध्ये २०१३ मध्ये शुल्क सुरू झाले, पुढच्या वर्षी सार्वमताचा कौल विरुद्ध गेला आणि तरीही शुल्क चालू राहिले, कारण त्या उत्पन्नावर रेल्वे बोगद्याचे गणित बसवलेले होते. मिलानमध्ये २०११ च्या सार्वमतात भरघोस होकार मिळाल्यावर २०१२ पासून जुन्या तटबंदीच्या आतील सुमारे ८ चौरस किलोमीटर भागाला ‘एरिया सी’ हे नाव देऊन ५ युरो शुल्क बसवण्यात आले. एका वाहनतळचालकाच्या दाव्यामुळे ते त्याच वर्षी काही आठवडे बंदही पडले होते.

विक्री ज्या शहरात शिकवत त्या न्यूयॉर्कला सर्वांत उशीर झाला. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांची योजना २००८ मध्ये राज्याच्या विधानसभेत मतदानाशिवायच बारगळली. २०१९ मध्ये कायदा झाला. जून २०२४ मध्ये १५ डॉलरचे शुल्क सुरू होण्यास काही आठवडे उरले असताना राज्यपाल कॅथी होकल यांनी ते स्थगित केले. आणि अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी मॅनहॅटनच्या साठाव्या रस्त्याच्या दक्षिणेस ९ डॉलर दराने ते लागू झाले. रात्री दर पाऊणपटीने कमी असतो. टॅक्सी आणि मोबाइलवरून बोलावलेल्या गाड्यांवर दर फेरीमागे छोटा आकार ठेवून लंडनची चूक टाळली आहे. अल्प उत्पन्न असलेल्या नोंदणीकृत चालकांना महिन्यातील पहिल्या दहा फेऱ्यांनंतर निम्मी सवलत मिळते. पुढील महिन्यातच संघराज्य शासनाने मान्यता मागे घेतली, प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायालयाच्या मनाई हुकमामुळे शुल्क चालू राहिले. या उत्पन्नाच्या आधारावर भुयारी रेल्वे आणि बससेवेसाठी १५ अब्ज डॉलर उभारण्याचा संकल्प आहे.

श्रीमंताने पैसे टाकून रस्ता विकत घ्यायचा आणि गरिबाने बाजूला व्हायचे, हा या योजनेवरचा सर्वांत जुना आक्षेप आहे. त्याचे उत्तर प्रत्येक शहरात वेगळे येते. मध्य लंडन किंवा मॅनहॅटनमध्ये सकाळी कामाला येणाऱ्यांत मोटारीने येणारे फार थोडे असतात आणि ते सरासरीने अधिक कमावते असतात. तेथे शुल्काचा पैसा बसकडे गेला तर गरिबाचा लाभच होतो. जेथे बस वेळेवर येत नाही आणि दुचाकी हेच कष्टकऱ्याचे वाहन आहे, तेथे हे उत्तर लागू पडत नाही. सिंगापुरात दुचाकीला मोटारीच्या निम्मा दर आहे. पुण्यासारख्या दुचाकीप्रधान शहरात कोणी असा विचार केलाच तर त्याला बसगाड्या आधी मोजाव्या लागतील आणि कमानी नंतर.

उरतो तो हे शुल्क कायद्याच्या कोणत्या वर्गात बसते हा प्रश्न, आणि तो केवळ पंडिती नाही. स्वीडनमध्ये राज्यघटनेच्या चौकटीमुळे ते शहराचे शुल्क न राहता राष्ट्रीय संसदेने बसवलेला कर ठरले. म्हणून तेथे दरवाढीसाठीसुद्धा संसदेत जावे लागते. लंडनचे वाहतूक प्राधिकरण याउलट ते सेवेचे शुल्क असल्याचे सांगते, तर अनेक परदेशी वकिलाती तो कर असल्याचे मानतात आणि १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार राजनैतिक अधिकाऱ्यांना करमाफी असल्याने पैसे भरत नाहीत. अमेरिकेच्या वकिलातीने जुलै २००५ मध्ये, आकार ८ पौंड झाला त्या सुमारास, भरणा थांबवला. प्राधिकरण थकबाकीदारांची यादी वेळोवेळी जाहीर करते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत अमेरिका १.४ कोटी पौंडांहून अधिक रकमेसह पहिली, जपान दुसरा आणि भारताचे उच्चायुक्तालय ८० लाखांहून अधिक पौंडांसह तिसऱ्या स्थानावर होते. ही वसुली कशी करावी याचे उत्तर लंडनला अजून मिळालेले नाही.